प्राणिप्लवकांचा अभ्यास करताय? तलावाला जबाबदार धरण्याआधी या चुका टाळा

‘तापमान वाढल्याने रोटिफर वाढले.’ ‘पावसाळ्यात क्लॅडोसेरा घटले.’ ‘डीओ आणि कोपेपॉड यांच्यात धन सहसंबंध आढळला.’ रंकाळा असो की उजनीचं बॅकवॉटर, आपल्याकडच्या कुठल्याही तलावावरचा एमएस्सीचा प्रकल्प उघडा, ही तीन वाक्यं भेटणारच. (रोटिफर, क्लॅडोसेरा, कोपेपॉड हे प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचे गट; डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू.) ती खोटी असतात असं नाही. पण त्यामागच्या आकड्यांत तलावातली परिस्थिती थोडी आणि नेट, बाटली, घड्याळ यांची करामत जास्त, असं फार वेळा निघतं. आणि हे लिहिणाऱ्याला कधी कळतच नाही, कारण संगणकाने दिलेला आलेख दिसायला सुंदर असतो.

नेटचं कापड न पाहणं

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट दुखणं. ‘प्लँक्टन नेटने नमुने घेतले’ एवढंच लिहून लोक पुढे जातात. नेट कितीचं? बोल्टिंग सिल्क नंबर २५ ची छिद्रं साधारण ६४ मायक्रॉनची, नंबर १० ची दीडशेच्या आसपास. केराटेला, ॲनुरिऑप्सिस, लहान ट्रायकोसर्का ही रोटिफर मंडळी शंभर मायक्रॉनच्या आगेमागे. दीडशेच्या नेटमधून ती सरळ निघून जातात. रोटिफरचा नीट हिशोब हवा असेल तर ५० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कापड घ्या. ६४ चालतं, पण अगदी छोट्या जाती त्यातूनही गळतात हे मान्य करून.

याचं एक नमुनेदार प्रकरण. एका तलावाचा दोन वर्षांचा अभ्यास. पहिल्या वर्षी रोटिफरचं राज्य, दुसऱ्या वर्षी क्लॅडोसेरा आणि कोपेपॉड. अहवालात नायट्रेट-फॉस्फेटचे तक्ते, सुपोषण (पाण्यात खतद्रव्यं वाढून शेवाळ माजणं) कमी झाल्याची पानभर चर्चा, तलावाची तब्येत सुधारल्याचा निष्कर्षही तयार. जपून ठेवलेल्या बाटल्या मायक्रोस्कोपखाली पुन्हा लावल्यावर उलगडा झाला: दुसऱ्या वर्षीच्या नमुन्यांत अंड्यांच्या पिशव्या लटकलेल्या सायक्लॉप्स या कोपेपॉडच्या माद्या भरपूर, पण नॉप्लियस पिल्लं जवळजवळ नाहीतच. इतक्या माद्या अंड्यांवर आणि पिल्लं गायब, असं पाण्यात सहसा होत नाही, नेटमध्ये होतं. मधे जुनं नेट फाटलं होतं, स्टोअरमधलं दुसरं, मोठ्या छिद्रांचं, उचललं गेलं आणि फील्डबुकात त्याची ओळही नव्हती. दोन वर्षांची तुलना तिथेच संपली.

उपाय दहा मिनिटांचा. नेटचं कापड ओलं करून मायक्रोस्कोपखाली धरा, ऑक्युलर मायक्रोमीटरने (मायक्रोस्कोपच्या भिंगात बसणाऱ्या मोजपट्टीने) दहा छिद्रं मोजा, सरासरी फील्डबुकाच्या पहिल्या पानावर लिहा. विक्रेत्याच्या लेबलवर विसंबू नका. नेट बदललं तर दोन्ही नेटनी एकाच दिवशी, एकाच जागी नमुने घ्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांत पूल राहील.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे गाळलेल्या पाण्याचा हिशोब. ३० सेंमी तोंडाचं नेट ५ मीटर ओढलं की सूत्राने ३५३ लिटर पाणी गाळलं जातं. कागदावर. मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळाचा हिरवा लगदा साचलेल्या पाण्यात नेट पहिल्या मीटर-दोन मीटरमध्येच तुंबतं आणि पुढचं पाणी तोंडातून बाहेर ढकललं जातं. तुम्ही मात्र भागता ते ३५३ नेच. मग शेवाळ फुललेल्या महिन्यात प्लवक कमी दिसतात आणि दोष शेवाळाच्या विषाला जातो. विष असेलही, पण हा आकडा त्याचा पुरावा नाही. नेटच्या तोंडाशी फ्लोमीटर (आत गेलेलं पाणी मोजणारं यंत्र) लावा. तो नसेल तर उथळ पाण्यात १० लिटरच्या बादलीने पाच बादल्या मोजून नेटमधून ओता. शेवाळ दाट असेल तर दोनच ओता आणि २० लिटर लिहा. बादलीला मर्यादा आहेत: ती वरचंच पाणी घेते आणि चपळ कोपेपॉड तिच्यापासून पळतात. खोल जागी शिंडलर-पटालस सापळा (हव्या त्या खोलीवरचं मोजकं पाणी पकडणारी पेटी) चांगला. शेवटी नेट बाहेरच्या बाजूने पाणी मारून धुवा. आतून धुतलं तर तलावाचं न मोजलेलं पाणी, प्राण्यांसकट, नमुन्यात जातं.

मोजणी

सूत्र सोपं आहे, तरी चुकतं. दर मिलीतली संख्या गुणिले आटवलेल्या नमुन्याचे मिली, भागिले गाळलेलं पाणी लिटरमध्ये. ५० लिटर गाळून ४० मिली केलं आणि सेजविक-राफ्टर कोषात (मोजणीच्या काचपट्टीवरच्या खोबणीत), म्हणजे १ मिलीत, १५ प्राणी आले, तर उत्तर लिटरला १२. मधलं ४० विसरून ‘लिटरला १५’ छापणारे कमी नाहीत.

पिपेटचं टोक कापून रुंद करा, नाहीतर मोठे क्लॅडोसेरा बाटलीतच राहतात. बाटली गोल फिरवू नका, जड प्राणी मध्ये गोळा होतात. उलटसुलट हलवा. आणि एका कोषात चार कोपेपॉड मोजून ‘मार्चमध्ये कोपेपॉड दुप्पट झाले’ असं लिहू नका. चारच्या मोजणीत चुकीची व्याप्ती जवळपास चारइतकीच असते. मुख्य गटाचे निदान शंभर मोजून होईपर्यंत कोष भरत राहा, तेव्हा कुठे चूक वीस टक्क्यांच्या आसपास येते. कंटाळवाणं काम आहे, मान्य. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी विषय बदलावा.

फॉर्मलिन ओतून पळ काढणं

बाजारातलं फॉर्मलिन नमुन्यात थेट ओतलं की डॅफ्निया या क्लॅडोसेराचं कवच फुगतं आणि पोटातली अंडी बाहेर सांडतात. मग ‘प्रति मादी अंडी’ या रकान्याला अर्थ उरत नाही. ४ टक्के द्रावणात लिटरला ४० ग्रॅम साखर घालायची युक्ती हॅनी आणि हॉल या संशोधकांनी १९७३ साली दिली, ती अजून उत्तम चालते. आम्लता मारायला चिमूटभर बोरॅक्स. मऊ अंगाचे रोटिफर मात्र कशानेही गोळा होऊन बसतात. थोडा नमुना जिवंत आणा आणि त्याच संध्याकाळी पाहा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

वेळ

सकाळी दहाला, वरच्या थरातून, एकच नमुना. ही सवय बसच्या वेळापत्रकातून आली आहे, शास्त्रातून नाही. मोठे क्लॅडोसेरा दिवसा खाली जातात, रात्री वर येतात. वरचा थर पाहून तलावाचं सांगणं म्हणजे तर्री चाखून अख्ख्या रश्श्याचा निवाडा करणं. खोली असेल तिथे तळापासून वरपर्यंत नमुना घ्या, आणि ऋतूतून एकदा तरी २४ तासांची फेरी करा. डीओचंही तेच. ३० अंशाला पाण्यात लिटरला साधारण ७.६ मिग्रॅ प्राणवायू मावतो, पण शेवाळाच्या तलावात दुपारी १२ मिग्रॅ दिसतो आणि पहाटे तो अगदी कमी होतो. जानेवारीत आठला आणि मेमध्ये एकला मोजलं तर तुम्ही ऋतू नाही, घड्याळ मोजलंत. डीओ मोजायच्या विंकलर पद्धतीत अभिकारकं (रसायनं) काठावरच घाला. प्रयोगशाळेत नेऊन घातलीत तर बाटलीतल्या जिवांनी वाटेत किती प्राणवायू संपवला, तेवढंच कळेल.

माशांना विसरणं

आता माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. पंधरा रासायनिक घटक मोजायचे आणि जो प्राणी प्लवक खातो त्याची नोंदच नाही.

ब्रूक्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९६५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या क्रिस्टल लेकचे १९४२ आणि १९६४ चे नमुने शेजारी ठेवले. मधल्या काळात तिथे प्लवक खाणारा हेरिंग कुळातला मासा आला होता. आधी मोठा डॅफ्निया होता, नंतर बॉस्मिनासारखे बारके क्लॅडोसेरा उरले. तलाव तोच, खाणारा बदलला. आपल्याकडे हे काम कटला मासा करतो. पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडतात, आणि कटला वरच्या थरातले प्लवक आवडीने खातो. मग पावसाळ्यानंतर मोठे क्लॅडोसेरा कमी दिसतात आणि अहवालात श्रेय जातं गढूळपणाला किंवा तापमानाला.

यावर दोन कामं करा. तलाव ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे तिच्या नोंदवहीतून बीज सोडल्याची तारीख, जात आणि संख्या घ्या. चहा प्यायला वेळ काढा, नोंदवही मिळते. दुसरं, प्रत्येक महिन्यात एकाच जातीच्या तीस प्राण्यांची लांबी मोजा. मोठे गेले आणि छोटे टिकले किंवा वाढले तर आधी माशांवर संशय घ्या. क्लॅडोसेरा पडले पण रोटिफर तग धरून असतील तर गाळाकडे बघा, कारण चिकणमातीच्या कणांनी गाळून खाणाऱ्या क्लॅडोसेराचं खाणं बिघडतं, रोटिफरचं तितकं नाही. सगळेच एकदम पडले तर धरणाचा विसर्ग विचारा. साठा भागिले रोजचा विसर्ग म्हणजे पाणी तलावात किती दिवस राहतं. ते आठवड्याच्या आत आलं तर पूर्ण वाढीला दोन-तीन आठवडे घेणारा कोपेपॉड वाहून जाणारच, त्यात पीएचचा काय दोष?

सहसंबंधाचा तक्ता

बारा महिने, पंधरा घटक, चार गट: साठ सहसंबंध. ५ टक्के पातळीवर त्यातले तीन निव्वळ योगायोगाने ‘सार्थ’ ठरतात. बारा नमुन्यांत ‘सार्थ’ ठरायला सहसंबंधाला ०.५७६ ची पातळी लागते, आणि ऋतूबरोबर वरखाली होणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी ती सहज गाठतात. तीन-चार घटक आधीच ठरवा, ते का निवडले ते लिहा आणि बाकीचे परिशिष्टात टाका.

राहिलेलं थोडक्यात

क्लोरोफिल जास्त म्हणजे खाद्य जास्त, असं नाही; मायक्रोसिस्टिसचे मोठे पुंजके बहुतेकांच्या तोंडात मावत नाहीत.

नॉप्लियसला वेगळी ‘जात’ धरू नका. कोपेपॉडमध्ये मोजा, पण रकाना वेगळा ठेवा.

ब्रॅकिओनस-ट्रायकोसर्का गुणोत्तर (रोटिफरच्या या दोन प्रजातींवरून तलावाचं सुपोषण ठरवायचं माप) जातींच्या संख्येवर काढतात, प्राण्यांच्या नाही. दोनच्या वर गेलं तर सुपोषित. ट्रायकोसर्का शून्य असेल तर भागाकारच होत नाही. तिथे ‘अनंत’ लिहू नका, गुणोत्तर सोडून द्या.

ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसचे लांब काटेवाले आणि बिनकाट्याचे दोन प्रकार दिसले म्हणून दोन जाती नोंदवू नका. त्याला खाणारा ॲस्प्लांक्ना हा मोठा रोटिफर पाण्यात असला की पुढच्या पिढीचे मागचे काटे लांबतात. काट्यांची लांबी मोजा आणि ॲस्प्लांक्नाच्या रकान्याशेजारीच लिहा.