बलाचं गणित सोडवताना आधी विचारा: ढकलतंय कोण?

दर वर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी एकच प्रश्न विचारते. चेंडू सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत ते बाण काढून दाखवा. बहुतेक वह्यांत दोन बाण निघतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं 'हाताचं बल'. ही मुलं दहावीत विज्ञानात उत्तम गुण मिळवून आलेली असतात. न्यूटनचे तिन्ही नियम त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात.

दोष मुलांचा नाही. "सूत्र पाठ कर, दिलेल्या किमती घाल, उत्तर येतं" हा सल्ला त्यांना वर्षानुवर्षं मिळालेला असतो, आणि या विषयात त्याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. बल = वस्तुमान × त्वरण हे सूत्र वापरायची वेळ अगदी शेवटी येते. त्यातलं 'बल' म्हणजे वस्तूवरच्या सगळ्या बलांची बेरीज, आणि बेरजेत काय काय धरायचं हे सूत्र सांगत नाही. ते आपणच शोधायचं असतं.

एक गणित शेवटपर्यंत सोडवू. गोदामात ५० किलोचं ज्वारीचं पोतं दोर बांधून फरशीवरून ओढलं जातंय. दोर जमिनीशी ३० अंशांचा कोन करतो, ओढ २०० न्यूटन आहे. पोतं आणि फरशी यांच्यातला घर्षण गुणांक ०.४. पोतं आधीच सरकायला लागलंय. त्याचं त्वरण किती? गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० धरू, म्हणजे आकडे सुटसुटीत राहतील.

पहिली पायरी: एक वस्तू निवडा, बाकीचं जग पुसून टाका

कागदावर फक्त पोतं काढा. चौकोन पुरेसा आहे. फरशी नको, दोर नको, ओढणारा हमाल तर नकोच. ते या चित्रात फक्त बाणांच्या रूपाने येतील. पुस्तकात हिला मुक्त वस्तू आकृती म्हणतात, वर्गात सगळे फ्री बॉडी डायग्रामच म्हणतात. पुस्तकातल्या छापील चित्रावरच बाण काढायची सवय असेल तर ती आजच मोडा.

दुसरी पायरी: प्रत्येक बाणाला विचारा, तुला लावतंय कोण?

सगळी मेख इथे आहे. ही पायरी नीट जमली तर पुढे फक्त आकडेमोड उरते.

नियम असा. प्रत्येक बाणाशेजारी "अमक्याने पोत्यावर लावलेलं बल" असं पूर्ण वाक्य लिहायचं. 'अमक्या'च्या जागी खरीखुरी वस्तू आली पाहिजे, बोट दाखवता येईल अशी. तशी वस्तू सापडत नसेल तर बाण खोडायचा. रोजच्या व्यवहारातल्या गणितांत बल लावणारे दोनच प्रकारचे असतात: वस्तूला टेकलेल्या गोष्टी आणि न टेकता ओढणारी पृथ्वी. म्हणून पोत्याच्या कडेवरून बोट फिरवा आणि कुठे काय टेकलंय ते बघा. दोर टेकलाय, तो ओढतो. फरशी टेकली आहे, ती दोन कामं करते: पोत्याला वर रेटते, तो अभिलंब रेटा, आणि सरकण्याच्या आड येते, ते घर्षण. शिवाय पृथ्वी खाली ओढते. झाले चार बाण. हवेचा विरोध इतक्या संथ हालचालीत नगण्य आहे. पाचवा बाण काढायचा मोह झाला तर हात आवरा.

आता वर चाललेल्या चेंडूकडे या. 'हाताने चेंडूवर लावलेलं बल' हे वाक्य लिहून बघा. हात चेंडूला टेकलाय का? नाही. मग हे बल संपलं, हात सुटला त्या क्षणी संपलं. उरतं फक्त पृथ्वीचं ओढणं, तेही वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना सारखंच. "मग तो वर का जातोय?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. चेंडूला हाताने वेग दिला, आणि असलेला वेग टिकवायला बल लागत नाही. बल लागतं ते वेग बदलायला, वाढवायला, कमी करायला किंवा वळवायला. पृथ्वी तो वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका कमी करत असते, म्हणून चेंडू थांबतो आणि मग परततो.

हलत्या वस्तूला सतत कुणीतरी ढकलत असलं पाहिजे, ही समजूत ॲरिस्टॉटलपासूनची आहे. ती मोडायला सुमारे दोन हजार वर्षं लागली, तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाला ती सोडणं जड जातं यात नवल नाही. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून बघितले. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. चढ कमी तिरका केला तर तेवढी उंची गाठायला तो लांबवर जातो. मग चढ पूर्ण आडवा केला तर? घर्षण नसेल तर थांबायला कारणच उरत नाही. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण हवं असेल तर चांद्रयान-३ घ्या. १४ जुलै २०२३ ला उड्डाण झालं, २३ ऑगस्टला ते उतरलं. मधल्या प्रवासात इंजिन अधूनमधून थोडाच वेळ पेटवलं, तेही वेग किंवा मार्ग बदलायला. बाकीचा सगळा वेळ इंजिन बंद होतं आणि यान जातच होतं.

हीच चाचणी बाकीच्या खोट्या बाणांना लावा. एसटीने करकचून ब्रेक मारला आणि तुम्ही पुढे गेलात, तर 'पुढे फेकणारं बल' कोणी लावलं? कोणीच नाही. बस थांबली, तिच्या फरशीने तुमचे पाय थांबवले, धड मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहिलं. घाटातल्या वळणावर 'बाहेर फेकणारं बल' कोणी लावलं? रस्त्यावर उभं राहून बघितलं तर तेही कोणी नाही. तुम्ही सरळ जात होतात, बस वळली, आणि तिच्या पत्र्याने तुम्हाला आत ढकललं. बसमध्ये बसून हिशेब मांडायचा असेल तर बाहेरच्या दिशेचं कल्पित बल धरतात, पण ती वेगळी रीत आहे. पहिलं वर्षभर सगळी गणितं रस्त्यावर उभं राहूनच सोडवा. दोन्ही रीती एकाच आकृतीत मिसळल्या की उत्तर चुकतं, आणि का चुकलं तेही सापडत नाही.

घर्षणाच्या दिशेबद्दलही एक चुकीचं वाक्य सगळीकडे फिरतं: घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं. तसं नाही. घर्षण एकमेकांवरून घसरण्याला विरोध करतं. टेम्पो सुटतो तेव्हा हौद्यातलं पोतं पुढे जातं, ते हौद्याच्या पत्र्याने लावलेल्या पुढच्या दिशेच्या घर्षणामुळे. आपण चालतो तेही तसंच: पाय जमिनीला मागे रेटतो, जमीन आपल्याला पुढे रेटते. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर हे पुढे रेटणं मिळत नाही म्हणून तर आपण घसरतो.

आता मी स्वतः जिथे अडकले होते ते सांगते. बैल गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतात तितक्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. तिसरा नियम. मग दोन्ही बलं एकमेकांना काटतात आणि गाडी हलायलाच नको! मला हे अकरावीत सुटलं नाही, बारावीत सुटलं नाही. "ते तसंच असतं, परीक्षेला येत नाही" असं उत्तर मिळालं, आणि त्या उत्तराने माझी दोन वर्षं वाया घालवली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला कधीही हे उत्तर देऊ नका.

उकल पहिल्या पायरीतच आहे. दोन चित्रं वेगवेगळी काढा. पहिल्यात फक्त गाडी: बैल जुवातून तिला पुढे ओढतात, तर जमीन आणि हवा मागे खेचतात. पुढची ओढ जास्त झाली की गाडीचा वेग वाढतो. दुसऱ्यात फक्त बैल: गाडी त्यांना मागे ओढते, पण त्यांनी खुरांनी जमीन मागे रेटलेली असते, म्हणून जमीन त्यांना पुढे ढकलते. हे ढकलणं गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झालं की बैलही पुढे. 'बैलांनी गाडीवर' आणि 'गाडीने बैलांवर' ही जोडी एका चित्रात कधी येतच नाही, कारण ती दोन वेगळ्या वस्तूंवर आहे. एकमेकांना काटायला बलं एकाच वस्तूवर असावी लागतात. न्यूटनने १६८७ मध्ये तिसरा नियम मांडला तेव्हा दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं: घोडाही दगडाकडे तितकाच ओढला जातो. म्हणजे हा प्रश्न नियमाइतकाच जुना आहे आणि तो टाळायचं काही कारण नाही.

जोडी ओळखायची सोपी खूण म्हणजे वाक्यातली नावं उलटी करायची. 'दोराने पोत्यावर' याची जोडी 'पोत्याने दोरावर'. 'पृथ्वीने पोत्यावर' याची जोडी 'पोत्याने पृथ्वीवर'. आता बघा, पोत्याचं वजन आणि फरशीचा वरचा रेटा ही जोडी होते का? होत नाही. एकात पृथ्वी आहे, दुसऱ्यात फरशी, आणि दोन्ही बलं पोत्यावरच आहेत. तरीही 'वजनाची प्रतिक्रिया म्हणजे अभिलंब रेटा' हे वाक्य अनेक गाइडांत छापलेलं आढळतं. खोटं आहे ते. ६० किलोच्या माणसाला वजनकाट्यावर उभं करून लिफ्टने वर न्या. लिफ्टचं त्वरण वरच्या दिशेने २ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर माणसाचं वजन ६०० न्यूटनच राहतं, पण काटा त्याला ७२० न्यूटनने रेटतो आणि ७२ किलो दाखवतो. तिसऱ्या नियमाची जोडी कायम समान असते. हे दोन आकडे समान नाहीत, म्हणजे ती जोडी नव्हे.

तिसरी पायरी: अक्ष ठरवा

एक आडवा, सरकण्याच्या दिशेने. एक उभा.

चौथी पायरी: तिरक्या बाणाचे दोन तुकडे करा

२०० न्यूटनची ओढ ३० अंशांत आहे. आडवा भाग २०० × cos ३०°, म्हणजे २०० × ०.८६६ = १७३ न्यूटन. उभा भाग २०० × sin ३०°, म्हणजे २०० × ०.५ = १०० न्यूटन.

पाचवी पायरी: उभी बेरीज आधी

घाई करणारे इथे घसरतात. रेटा = वजन असं पाठ असल्यामुळे ते ५० × १० = ५०० न्यूटन लिहून मोकळे होतात. पण दोर पोत्याला थोडं वर उचलतोय. पोतं वर-खाली हलत नाही, म्हणून उभ्या दिशेची बेरीज शून्य: रेटा + १०० = ५००, रेटा ४०० न्यूटन. सरकत्या वस्तूवरचं घर्षण म्हणजे घर्षण गुणांक × रेटा: ०.४ × ४०० = १६० न्यूटन.

५०० धरलं असतं तर घर्षण २०० आलं असतं, म्हणजे १७३ पेक्षा जास्त, आणि सरकतं पोतं मंदावून थांबणार असं उत्तर निघालं असतं. एका चुकीने उत्तराची दिशाच फिरते. रेटा कधीही पाठांतरातून लिहू नका, दर वेळी बेरजेतून काढा.

सहावी पायरी: आता सूत्र

१७३ − १६० = १३ न्यूटन. १३ ÷ ५० = ०.२६ मीटर प्रति सेकंद वर्ग.

सातवी पायरी: कोन बदलून बघा

उत्तराखाली रेघ मारण्याआधी एवढं करा, कारण आकृती बरोबर होती की नाही ते इथे कळतं. दोर आडवा धरा: ओढ २००, रेटा ५००, घर्षण २००, बेरीज शून्य. पोतं थांबत नाही, आहे त्याच वेगाने सरकत राहतं. "बेरीज शून्य म्हणजे पोतं थांबलं" असं मनात आलं असेल तर दुसऱ्या पायरीतला चेंडू पुन्हा वाचा. आता दोर सोडून तेच २०० न्यूटन मागून काठीने, ३० अंश खाली झुकवून लावा: रेटा ६००, घर्षण २४०, पुढचं बल तेच १७३. पोतं मंदावणार. जड पोतं खाली दाबत ढकलण्यापेक्षा दोराने ओढणं हलकं का जातं, ते या दोन ओळींत आहे. शेवटी दोर २२ अंशांवर आणा आणि आकडे स्वतः काढा. त्वरण ०.३१ च्या आसपास यायला हवं. या पोत्याला, या फरशीवर, २०० न्यूटनच्या ओढीने याहून जास्त त्वरण कुठल्याच कोनात मिळत नाही.