मायक्रोॲरेवरील हिरवा पट्टा कसा वाचावा

पटकीच्या जीवाणूवर काम करण्यासाठी येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला मी आधी ओ१३९ या प्रकाराची मायक्रोॲरे स्लाइड (जनुकांचे तुकडे ठिपक्यांच्या रूपात बसवलेली काचपट्टी) वाचायला लावतो, कारण जनुकांची देवाणघेवाण शोधताना हे तंत्र काय दाखवते आणि काय लपवते, ते दोन्ही तिथे एकत्र भेटते. १९९२ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये आढळलेला हा प्रकार ओ१ एल टॉर या पटकीच्या जीवाणूच्या जुन्याच वंशातून निघाला. मात्र पृष्ठभागावरील शर्करासाखळ्या घडवणारा सुमारे २२ हजार बेसजोड्यांचा तुकडा जाऊन त्याच्या जागी बाहेरून आलेला सुमारे ३५ हजार जोड्यांचा तुकडा बसला होता.

स्लाइडवरील प्रोब (एकेक जनुक ओळखणारे डीएनएचे तुकडे) बहुधा एन१६९६१ या ओ१ जीवाणूच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचावरून बनवलेले असतात. संदर्भ म्हणून घेतलेल्या त्याच्या डीएनएला हिरवा साय-३ आणि तपासायच्या डीएनएला लाल साय-५ रंग लावला, की दोघांतही असलेले जनुक पिवळे आणि फक्त संदर्भात असलेले हिरवे दिसते. निकाल गुणसूत्रावरील क्रमाने मांडला, तर पिवळ्या ठिपक्यांमध्ये एके ठिकाणी सलग हिरवा पट्टा लागतो. तो गेलेला तुकडा होय. आलेल्या तुकड्याचा मात्र मागमूसही नसतो, कारण त्याच्यासाठी स्लाइडवर प्रोबच नाहीत. म्हणून हिरव्या पट्ट्यावरून ‘येथे परकी जनुके आली’ असा निष्कर्ष थेट काढता येत नाही.

एकट्यादुकट्या हिरव्या ठिपक्यावर तर मुळीच विसंबू नये. जनुक जागेवर असूनही त्याचा क्रम बराच बदललेला असेल, तर त्याचा डीएनए प्रोबला नीट चिकटत नाही. शिवाय साय-५ हवेतील ओझोनने विरतो आणि धुवून वाळवलेली स्लाइड स्कॅनरपर्यंत नेईतो सगळीच हिरवट होऊ लागते (उन्हाळ्याच्या दुपारी हा त्रास अधिक जाणवतो). रंगांची अदलाबदल करून दुसरी स्लाइड केली, की खरा पट्टा लाल होतो आणि भास उघडा पडतो. त्यानंतर पट्ट्याच्या टोकांपासून आतला क्रम वाचल्याशिवाय हस्तांतराची भाषा करू नये.

पूर्ण जनुकसंच वाचणे स्वस्त झाल्याने नव्या प्रकल्पासाठी मी आज ॲरे सुचवणार नाही. तरीही जीईओ या सार्वजनिक संग्रहातील जुनी माहिती मोफत मिळते आणि ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील लिम्मा पॅकेजने ती साध्या संगणकावर पुन्हा तपासता येते. ती घेताना केवळ गुणोत्तरांचा तयार तक्ता न घेता, प्रत्येक ठिपक्याची लाल-हिरवी मूळ मोजमापे आणि पार्श्वभूमीचे आकडे असलेली फाइल उपलब्ध असेल, तर तीच उतरवून घ्यावी.