ऑथेंटिकेटरचा कोड बरोबर टाकूनही लॉगिन होत नसेल तर

कॉम्प्युटरवर लॉगिन करताना पासवर्ड बरोबर ठरतो, ऑथेंटिकेटरमधला (लॉगिनसाठी कोड देणाऱ्या फोनवरच्या अ‍ॅपमधला) सहा आकडी कोड नीट बघून टाकता, तरी ‘कोड चुकीचा’ असंच येतं. अशा वेळी अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. कोड ज्या गुप्त किल्लीवरून तयार होतो ती अ‍ॅपमध्येच असते. बॅकअप नसेल तर अ‍ॅपबरोबर तीही गेली. दोनदा कोड नाकारला की थांबाच, कारण आणखी प्रयत्न केले की बऱ्याच ठिकाणी खातं लॉक होतं.

आता घड्याळ बघा. ती किल्ली आणि १ जानेवारी १९७० पासून सरलेले सेकंद, एवढ्यावरच कोड निघतो आणि तो सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो. तपासणारी यंत्रणा बहुतेक वेळा एखादा मागचा-पुढचा कोड चालवून घेते, त्याहून जास्त नाही. फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर तुमचा एकही कोड लागणार नाही.

कोड ऑफिसचा सर्व्हर किंवा क्लाउड तपासत असेल, तर संशय फोनवर. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय एकदा बंद करून चालू करा आणि नवा कोड येईपर्यंत थांबा. इंटरनेट नसताना चालणारा ऑफलाइन कोड असेल, किंवा लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) स्वतःच कोड तपासत असेल, तर कॉम्प्युटरचं घड्याळ बघायचं.

इथे डोळ्यांना फसवणारी एक गोष्ट आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात दुपारचे ३, भिंतीवरही ३, तरी कोड चुकतो. कारण टाइम झोन. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला आणि कोणीतरी काटे हाताने जुळवले, की दिसायला वेळ बरोबर, पण आतला जागतिक वेळ साडेबारा-साडेतेरा तास पुढे. झोन यूटीसी (म्हणजे जागतिक वेळ) +०५:३० करा, मग वेळ सिंक करा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स यूटीसी, त्याचा हा गोंधळ. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतो.

आतच जाता येत नसेल तर दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून वेळ सुधारा, नाहीतर बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमधून. रात्री प्लग काढला की सकाळी तारीख मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपलाय. स्वस्तातला सेल आहे, पण बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. बायोसच्या सेटिंग्ज बदलल्या की विंडोज ती मागू शकतं.

कोडऐवजी फोनवर मंजुरीची सूचना येत असेल आणि ती आलीच नाही, तर अ‍ॅप स्वतः उघडा. थांबलेली विनंती बहुधा तिथे दिसते. दिसली, तर दोष बॅटरी सेव्हरचा किंवा बंद असलेल्या नोटिफिकेशनचा. नाही दिसली, तर कॉम्प्युटर नेटला जोडलेला आहे का ते लॉगिन स्क्रीनवरच्या वाय-फाय चिन्हावरून बघा. हॉटेलचं वाय-फाय ब्राउझरमध्ये पासवर्ड मागतं, तो लॉगिन स्क्रीनवर बऱ्याचदा भरताच येत नाही. तेव्हा फोनचा हॉटस्पॉट वापरा. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनवरचा दोन आकडी नंबर फोनवर टाकावा लागतो. तुम्ही लॉगिन करत नसताना अशी सूचना आली, तर नाकारा आणि लगेच पासवर्ड बदला, कारण तो दुसऱ्याच्या हाती लागलेला असण्याची दाट शक्यता आहे.

यूएसबी सिक्युरिटी कीचा (लॉगिनसाठी कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या उपकरणाचा) पिन सलग ३ वेळा चुकला तर की काढून पुन्हा लावावी लागते. मध्ये एकदाही बरोबर न लागता एकूण ८ वेळा चुकला की ती लॉक होते. मग रीसेट करावी लागते आणि तिच्यातली सगळी नोंदणी पुसली जाते. पिन आठवत नसेल तर अंदाज करत बसू नका.

फोन बदललाय? जुना फोन फॉरमॅट करण्याआधी नव्यावर नोंदणी करा आणि एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. जुना आधीच विकला असेल, तर जपून ठेवलेले रिकव्हरी कोड वापरा; प्रत्येक कोड एकदाच चालतो. तेही नसतील तर अ‍ॅडमिनला तात्पुरता अ‍ॅक्सेस पास (थोडा वेळच चालणारा लॉगिन कोड) मागा, आणि त्याने आत गेल्यावर नवी नोंदणी करूनच लॉगआउट व्हा.