दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी संगणक कसा लावून द्यावा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या आमच्या काकांना संगणक लावून देताना, त्यांना नेमके काय दिसत नाही हे न विचारताच मी पडद्यावरचे सगळे अक्षर मोठे करून टाकले. काकांना काचबिंदू आहे. त्यात बाजूची नजर आधी जाते आणि मधली बराच काळ टिकते; त्यामुळे अक्षर जितके वाढले, तितके कमी शब्द त्यांच्या नजरेत मावू लागले आणि ओळीचा शेवट शोधता शोधता सुरुवात विसरू लागली. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झालेल्या माणसाचे उलटे असते. त्याला समोरचाच शब्द दिसत नाही आणि मोठे अक्षर उपयोगी पडते. मोतीबिंदू असलेल्याला पांढऱ्याशुभ्र पडद्याचा झगझगाट सोसत नाही, तर मधुमेही माणसाची नजर रक्तातील साखरेबरोबर कमीजास्त होऊ शकते. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी अर्धा तास शेजारी बसून पाहावे: मान कोणत्या बाजूला वळते, माउसचा बाण हरवल्यावर काय केले जाते, कोणत्या रंगावर अडखळायला होते.

संगणक ठेवण्याची जागाही तेव्हाच ठरवावी. जुन्या घरांत उजेड एकाच खिडकीतून येतो. तिच्यासमोर किंवा तिच्याकडे पाठ करून पडदा ठेवला तर डोळे दिपतात किंवा काचेवर प्रतिबिंब पडते. खिडकी बाजूला येईल असे टेबल लावावे.

विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ आणि यू एकत्र दाबले की सुलभतेच्या सर्व सोयी एका जागी उघडतात. तेथे अक्षराचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. देवनागरीला ही वाढ रोमन लिपीपेक्षा लवकर लागते, कारण लहान अक्षरात अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे पाय आधी पुसट होतात आणि ‘घर’ व ‘धर’ यांतला फरक उरत नाही. त्याच ठिकाणी माउसचा बाण मोठा करून त्याला ठळक रंग देता येतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे दाखवणारी रंगसंगतीही निवडता येते. झगझगाटाचा त्रास असणाऱ्यांना ही रंगसंगती पुष्कळदा मानवते, मात्र सर्वांनाच नाही. दोन्ही दाखवून विचारावे. भिंग हवे असेल तर विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह दाबावे. बंद करण्यासाठी विंडोजची कळ आणि एस्केप. संपूर्ण पडदा मोठा करणाऱ्या भिंगात आपण कोठे आहोत हेच कळत नाही, त्यामुळे बाणाबरोबर फिरणारे छोटे भिंग निवडणे बरे. विंडोजची कळ बोटांना सापडावी म्हणून तिच्यावर कापडी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावावा.

डोळ्यांवर भार नको असेल, तेव्हा कानांचा उपयोग करावा. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा विनामूल्य प्रोग्राम आहे. त्याचे काम २००६ साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने सुरू केले. हा प्रोग्राम मराठी वाचतो, परंतु त्याचा मूळचा आवाज यांत्रिक आहे. काकांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ‘कोण बोलालंय रे हे?’ म्हणून ते मागे वळून पाहू लागले. वेग आधी बराच कमी करावा आणि सर्वांत आधी कंट्रोलची कळ शिकवावी, कारण ती दाबताच बोलणे थांबते. आवाज आपल्या हातात आहे हे पटले की भीती जाते. दीर्घ वाचनासाठी मात्र एज ब्राउझरमधील मोठ्याने वाचण्याची सोय अधिक सुखद वाटते. तिच्यात आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज आहेत. त्यासाठी इंटरनेट सुरू असावे लागते. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरातून वर्षानुवर्षे पुस्तके आणणाऱ्या काकांना खरी उणीव वाचनाचीच होती, आणि ती या सोयीने बरीच भरून निघाली.

येथे एक अडचण खास मराठीची आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे व चिन्हे असतात. वाचक प्रोग्राम तो निरर्थक बडबडीसारखा वाचतो. मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तेथे मराठी उमटले तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत आहे, वेडीवाकडी चिन्हे उमटली तर आधी रूपांतर करावे लागेल आणि मजकूर निवडताच आला नाही तर ते बहुधा नुसते छायाचित्र आहे.

पतसंस्था, दूध संस्था किंवा ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे अनेक जण आपल्या शहरात आहेत. त्यांनी चित्राच्या प्रत्येक बटणाला नाव द्यावे, नाहीतर ऐकणाऱ्याला नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, मोठ्या अक्षरासाठी ३ : १ चालते, फिकट करड्या अक्षरांची सध्याची हौस येथे टाकावी लागेल. चूक झालेली चौकट केवळ लाल न करता काय चुकले ते शब्दांत लिहावे. तयार झाल्यावर मॉनिटर बंद करावा, एनव्हीडीए सुरू करावे आणि एक पावती फक्त कीबोर्डने काढून पाहावी.

शिकवताना पहिल्या आठवड्यात तीनच कळा शिकवाव्यात आणि त्या जाड काळ्या पेनाने पुठ्ठ्यावर लिहून टेबलाशी टांगाव्यात. पडद्यावर एकदा मांडलेली चिन्हे पुन्हा हलवू नयेत. विंडोजचे मोठे अपडेट झाले की आपण स्वतः जाऊन अक्षर, बाण आणि आवाज पूर्वीसारखेच आहेत का ते तपासावे. काकांकडे ही फेरी मी रविवारी सकाळी, चहाच्या वेळी करतो.