व्यसन सोडायच्या गोळ्या: 'कोणती'च्या आधी 'कधी' विचारा

दारू किंवा गर्द सोडायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो गोळी कोणती चांगली हा. माझं म्हणणं असं की त्याच्याआधी कधी घ्यायची ते विचारा. ही औषधं काही नवीन नाहीत, गर्द-अफूच्या व्यसनावरची मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, पण तीच गोळी काही तास लवकर घेतली की माणूस तडफडतो आणि मग आयुष्यभर सांगत फिरतो की मला ती गोळी सूट होत नाही. चूक गोळीची नसते हो, वेळेची असते.

डॉक्टरकडे जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: काय घेता, किती, शेवटचं कधी घेतलं, सोबत झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, आधी कधी फिट आली होती का, लिव्हर-किडनीचं काही आहे का, प्रेग्नन्सी आहे का. लाजून निम्मं सांगू नका, कारण डोस तुमच्या त्या आकड्यावर ठरतो आणि आकडा खोटा तर डोसही चुकणार. झोपेच्या गोळ्यांचं तर हमखास लपवलं जातं, आणि तेच सगळ्यात धोकादायक असतं, कारण अफूच्या जातीचं औषध, दारू आणि झोपेची गोळी हे तिन्ही श्वास मंद करतात, एकत्र आले की तो थांबूही शकतो.

आधी दारूचं बघू. रोज भरपूर पिणाऱ्याने 'उद्यापासून एक थेंब नाही' असं म्हणून घरीच बंद करणं हा शूरपणा नाही, जिवाशी खेळ आहे. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांच्या आसपास काहींना डिलिरियम होतं, म्हणजे हातपाय थरथरतात, घामाने अंथरूण भिजतं, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत तेच कळत नाही. यात माणूस दगावतो. आधी फिट किंवा असे भास झालेले असतील तर सरळ ॲडमिट व्हा, घरी प्रयोग नको. हे टाळायला डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम देतात आणि काही दिवसांत डोस कमी करत बंद करतात. त्याच्याबरोबर थायामिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, तेही सुरुवातीला शक्यतो इंजेक्शनने आणि ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी, कारण बी-१ पार संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ज्यांनी सलाईन लावलंय त्यांना हे विचारायला लाजू नका.

हे आठवडाभराचं झालं की मग तलफेची औषधं. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, याचं वैशिष्ट्य म्हणजे दारू पूर्ण बंद व्हायची वाट बघावी लागत नाही, पिणं चालू असतानाही सुरू करता येतं, प्यायली तरी पूर्वीसारखी किक बसत नाही आणि दुसऱ्या ग्लासाकडे हात जरा कमी जातो. लिव्हर फारच खराब असेल तर डॉक्टर टाळतात. तिथे अकॅम्प्रोसेट कामाला येतं कारण ते लिव्हरमधून जातच नाही, किडनीतून जातं, म्हणून आधी किडनीची टेस्ट. हे मात्र दारू थांबल्यावर सुरू करायचं, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, म्हणजे सहा गोळ्या, आणि लोक सोडतात ते बहुतेक या मोजणीला कंटाळूनच. सुरुवातीला पोट बिघडतं, ते बसतं हळूहळू.

आता डायसल्फिराम. या गोळीवर मला जरा जास्त बोलायचंय, कारण हिचा सगळ्यात जास्त गैरवापर घरचेच करतात. दारू शरीरात मोडताना मधे ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि एरवी ते लगेच पुढे मोडलं जातं, ही गोळी ते पुढचं मोडणं अडवते. मग प्यायली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, डोकं फुटायची वेळ, बीपी खाली. धडधाकट माणूसही घाबरतो, हार्टचा पेशंट असेल तर जीव जाऊ शकतो. म्हणून ही गोळी कुणालाही न सांगता जेवणात किंवा चहात मिसळून द्यायची नाही. कितीही वैतागला असाल तरी नाही! ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखाच पिणार, आणि वाचला तरी घरच्यांवरचा विश्वास कायमचा जाणार. उलट त्याने स्वतः ठरवून, कुणाच्या तरी समोर रोज सकाळी घेतली तर तीच गोळी छान काम करते. शेवटच्या पिण्यानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय सुरू करायची नाही, बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो, आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, माउथवॉश, आफ्टरशेव्ह हेसुद्धा लांब ठेवायचं.

गर्द, अफूच्या जातीचे पेनकिलर, अफू यांच्यासाठी सध्या सगळ्यात जास्त वापरात असलेल्या औषधांपैकी एक म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, आणि 'कधी'चा खरा खेळ इथेच आहे. हे औषध मेंदूतल्या त्याच खुर्चीवर बसतं जिथे गर्द बसते, आधी बसलेल्याला ढकलून उठवतं, पण स्वतः मात्र अर्धवटच काम करतं. म्हणून अंगात गर्द असताना घेतलं की थोड्याच वेळात जोरदार टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास होतो. म्हणजे थांबायचं, गर्दनंतर किमान १२ तास, लांब टिकणाऱ्या पेनकिलरनंतर २४ तास किंवा जास्त, मेथाडोनवरून येत असाल तर आधी तो डोस बराच खाली आणून मग २४ ते ७२ तास. फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीचं फार तीव्र औषध, चरबीत साठून राहतं, तिथे अजून सावध. पण नुसतं घड्याळ बघू नका, अंग बघा: सारख्या जांभया, नाक गळतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंगावर काटा, घाम, पाय एका जागी राहत नाहीत. एवढं सगळं दिसायला लागलं की मग पहिली गोळी. हे तास वाईट असतात, खोटं कशाला बोलू, पण त्यात घाई केली तर पुढचे तास त्याहून वाईट.

पहिला डोस बहुतेकदा २ ते ४ मिलिग्रॅम. आधी तोंड पाण्याने ओलं करा, गोळी जिभेखाली ठेवा आणि पूर्ण विरघळेपर्यंत, पाच-दहा मिनिटं तरी, गप्प बसा. बोलायचं नाही, सिगरेट नाही, थुंकी गिळायची नाही जमेल तेवढी, कारण गिळलेलं औषध बरंचसं लिव्हरमध्येच वाया जातं. चव कडू आहे, इलाज नाही. विरघळल्यावर पाण्याची चूळ फिरवून गिळा आणि तासाभराने ब्रश करा, नाहीतर दात खराब होतात. तास-दोन तासांनी त्रास उरला असेल तर डॉक्टर अजून देतात, पहिल्या दिवशी साधारण ८ पर्यंत, दुसऱ्या दिवशी १६ पर्यंत, आणि पुढे बहुतेक लोक ८ ते २४ च्या मधे कुठेतरी स्थिरावतात. गोळीत नॅलोक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा असर उलटवणारं औषध, मिसळलेलं असेल तर घाबरू नका, जिभेखाली ते जवळपास काहीच करत नाही, कुणी पाण्यात विरघळवून सुईने टोचलं तरच ते इंगा दाखवतं.

मेथाडोनचं वेगळं. ते अंगात हळूहळू साठतं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच डोस पहिल्या दिवसापेक्षा जड पडतो. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे ते यामुळेच, डोस पुरत नाही असं वाटून लोक वरून थोडं मारतात आणि झोपेतच जातात. पुरत नसेल तर क्लिनिकमध्ये सांगा. हार्टसाठी ईसीजी काढायला सांगितला तर टाळू नका. काही दिवस डोस चुकला तर पुन्हा पूर्ण डोस घरचा घरी सुरू करायचा नाही, सहन करायची ताकद तेवढ्यात कमी झालेली असते.

नाल्ट्रेक्सोन इथेही चालतं, पण इथे त्याचा नियम दारूच्या उलटा, ७ ते १० दिवस पूर्ण कोरडं राहिल्याशिवाय हात लावायचा नाही, मेथाडोननंतर त्याहूनही जास्त.

'एक नशा सोडून दुसरी लावली' असं नातेवाईक म्हणतीलच. म्हणू देत. स्थिर डोसवर माणूस ना झिंगतो ना टर्कीत असतो, कामावर जातो, झोपतो. प्रेग्नंट बाईलासुद्धा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवायलाच सांगतात, एकदम बंद करायला नाही. आणि माझ्या मते तर नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवणं हाच जास्त मोठा धोका आहे, कारण आठवड्या-दोन आठवड्यांत सहनशक्ती जाते आणि जुनाच डोस पुन्हा मारला की ओव्हरडोस. म्हणून महिन्याभरात बरं वाटलं की बंद, असं नाही करायचं. वर्ष, दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त, आणि बंद करायचंच झालं तर डॉक्टरसोबत हळूहळू कमी करत. मधे एकदा घसरलात तरी औषध फेकू नका, फोन करा आणि खरं सांगा.

नाल्ट्रेक्सोनवर असाल तर पाकिटात तसं लिहिलेली चिठ्ठी ठेवा, ॲक्सिडेंट झाला तर नेहमीची स्ट्राँग पेनकिलर तुम्हाला लागू पडणार नाही हे तिथल्या डॉक्टरला कळायला हवं. मेथाडोनची बाटली कुलपात, लहान मुलाचा एखाद्या घोटानेही जीव जाऊ शकतो. आणि घरात नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे मिळवून ठेवा, घरच्यांना वापरायला शिकवा. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घरघर, श्वास मोजावा लागतोय, हलवूनही उठत नाही, तर एका नाकपुडीत स्प्रे, लगेच ॲम्ब्युलन्स, श्वास बंद असेल तर तोंडाने द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. शुद्धीवर आला तरी एकट्याला सोडू नका, स्प्रेचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि अंगातली गर्द तेव्हाही शिल्लक असू शकते.