इंग्रजी 'केस' चेक भाषेत नेताना

'केस' हा शब्द एकटा उचलून चेकमध्ये नेऊ नका. आधी त्याचे शेजारी बघा. शेजारी पोलीस, वकील किंवा डॉक्टर असला, तर बहुतेक वेळा 'प्रशीपत' चालतो. वर्तमानपत्रं आठवडाभर चघळतात ते प्रकरण मात्र 'काउझा'.

शेजारी व्याकरण असेल तर शब्द 'पात', म्हणजे आपली विभक्ती. शब्दशः अर्थ 'पडणं'. या अर्थाचा इंग्रजी 'केस' ज्यातून आला, त्या लॅटिन 'कासुस'चाही तोच. मराठी माणूस फसतो तो इथेच. चेक शाळेतही विभक्त्यांना क्रमांकानेच ओळखतात, पण जुळते ती फक्त पहिली. त्यांची दुसरी ही आपली षष्ठी, तिसरी आपली चतुर्थी, चौथी द्वितीया, सहावी सप्तमी आणि सातवी तृतीया. पाचवी म्हणजे संबोधन. आपल्या पंचमीचं काम तिथे दुसरी विभक्ती शब्दयोगी अव्ययाच्या मदतीने करते. तेव्हा 'तिसरा पात' दिसला की लगेच 'ने, शी' लावायला धावू नका.

वस्तू असेल तर आत काय ठेवतात ते विचारा. चष्म्याची केस 'पोउझ्द्रो', प्रवासाची 'कुफ्र' (गाडीची डिकीसुद्धा कुफ्रच), कॉम्प्युटरची 'स्क्रशीन्य', म्हणजे चक्क कपाट. बीअरची केस 'प्रशेप्राफ्का'. तिच्यात साधारणपणे अर्ध्या लिटरच्या 20 बाटल्या बसतात.

काही ठिकाणी नाम शोधूच नये. पासवर्डच्या सूचनेतल्या 'केस सेन्सिटिव्ह'साठी 'मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात' असं पूर्ण वाक्यच लिहावं लागतं. 'पाऊस आला तर' या अर्थाच्या 'इन केस'ला 'ग्दिबी' आणि पुढे भूतकाळी क्रियापद: 'ग्दिबी पर्शेलो'. नुसतं 'असू दे जवळ' म्हणायचं असेल तर 'प्रो यिस्तोतु'. सगळीकडे 'प्रशीपत' कोंबलं, तर छत्री घेऊन जा म्हणणारी आईसुद्धा सरकारी परिपत्रकासारखी बोलते.

अडलं तर चेक राष्ट्रीय कॉर्पसचं (म्हणजे भाषेच्या अभ्यासासाठी जमवलेल्या मजकुरांच्या मोठ्या संग्रहाचं) 'त्रेक' हे मोफत साधन उघडा. समांतर मजकुरांत, म्हणजे मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवलेल्या मजकुरांत, कोणता प्रतिशब्द किती वेळा आला, ते आकड्यांत दिसतं. पण पहिल्या क्रमांकाचा शब्द डोळे मिटून घेऊ नका. तिथे कोर्ट आणि चष्मा एकाच यादीत असतात.

शब्द बदलला की आजूबाजूचं लिंगही तपासा. 'प्रशीपत' पुल्लिंगी, 'स्क्रशीन्य' स्त्रीलिंगी, 'पोउझ्द्रो' नपुंसकलिंगी. म्हणून 'नोवी प्रशीपत', 'नोवा स्क्रशीन्य', 'नोवे पोउझ्द्रो'. आपल्या कानाला हे नेमकं उलटं लागतं: आपला 'नवा' तिथे 'नोवी', आपली 'नवी' तिथे 'नोवा'. एका फटक्यात सगळीकडे शब्द बदलला, तर विशेषणं मागेच राहतात.

अ‍ॅपमध्ये आकडा येणार असेल, तर अनुवादकाकडे तीन रूपं मागा: 1 साठी एक, 2 ते 4 साठी दुसरं आणि 5 पासून पुढे तिसरं. पाच प्रकरणं म्हणजे 'प्येत प्रशीपादू', आणि हे अनेकवचन षष्ठीचं, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या विभक्तीचं.