शांत बॉस, बोलका बॉस: आपल्या स्वभावाने टीम कशी चालवायची

प्रमोशन होऊन पहिल्यांदा टीम हातात आली की शांत माणसाला जो तो सांगतो, "आता जरा बोलायला शीक". बोलक्याला मात्र कोणी काहीच सांगत नाही, कारण सगळ्यांनी धरलेलंच असतं की हा जन्मजात लीडर आहे. यात चांगली चांगली माणसं मागे पडतात, दोन्हीकडची, म्हणून हे लिहायला घेतलंय. स्वभाव बदलायच्या मागे लागू नका, आधी आपली टीम कशी आहे ते नीट बघा.

हे नुसतं माझं मत नाहीये. अमेरिकेतल्या एका पिझ्झा डिलिव्हरी चेनच्या ५७ दुकानांचा मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, २०११ मध्ये तो छापून आला. जिथली पोरं सांगितल्याशिवाय काही करायची नाहीत तिथे बोलक्या मॅनेजरच्या दुकानाचा नफा सरासरीपेक्षा १६ टक्के जास्त निघाला, पण जिथली पोरं स्वतःहून सुचवायची, कामात बदल करायची, तिथे तसल्याच बोलक्या मॅनेजरकडे नफा १४ टक्के कमी निघाला. अशा टीमला शांत मॅनेजर जास्त मानवतो, कारण तो ऐकून घेतो आणि आपलं घोडं पुढे दामटत नाही.

मग आपली टीम कुठली ते कसं ओळखायचं? गेल्या महिन्याभरात न विचारता कोणी काय सुचवलं ते नावासकट कागदावर लिहून काढा. अर्ध्याहून जास्त नावं आली तर टीम चालती आहे, तुम्ही कमी बोललेलं चालेल. एकही नाव आलं नाही तर एकतर लोक हुकमाची वाट बघतात, किंवा आधी बोलायचे आणि तुम्ही दोनदा तोडल्यावर गप्प झाले, आणि हे दुसरं कारण असेल तर ते टीममधला कोणी तोंडावर सांगणार नाही, दुसऱ्या डिपार्टमेंटला गेलेल्या एखाद्या जुन्या माणसाला चहाला नेऊन विचारा.

आता मीटिंग. सगळा खेळ इथेच असतो. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर नुसतं "उद्या रिव्ह्यू" असं टाकू नका, प्रश्नच टाका: "डिस्पॅच उशिरा का जातोय, प्रत्येकाने एक कारण आणि एक उपाय लिहून आणा". सकाळी पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, ज्याने आणलं नाही त्याने तिथे बसून लिहायचं. मग सगळ्यात नवीन माणूस आधी वाचेल आणि बॉस सगळ्यात शेवटी, कारण बॉस आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोसने २००४ मध्ये सिनियर लोकांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि काही पानांची लिहिलेली टिपणं आणली, मीटिंग सुरू झाली की सगळे आधी गप्प बसून ती वाचतात. तेवढी पानं आपल्याला नकोत, अर्धा कागद पुरतो.

तुम्ही बोलके असाल तर एक गोष्ट फार जपा. तुम्हाला बोलता बोलता विचार करायची सवय असते आणि टीमला तो हुकूम वाटतो. तुम्ही सहज म्हणता, "पॅकिंगचा बॉक्स बदलला तर?" आणि संध्याकाळपर्यंत परचेसवाल्याने तीन ठिकाणची कोटेशन मागवलेली असतात. म्हणून प्रत्येक वेळी स्पष्ट सांगा, "हा नुसता विचार आहे, काम सुरू करू नका". आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, ती शांतता तुम्हाला खायला उठेल पण ती मोडू नका, हळू बोलणारा माणूस तेवढ्यातच तोंड उघडतो.

तुम्ही शांत असाल तर तुमचा प्रश्न वेगळाय. तुम्ही विचार करत असता आणि टीमला वाटतं साहेब चिडलेत, मॅडम नाराज आहेत. गप्प बसा पण का गप्प आहात ते सांगून बसा, "ऐकलं, मुद्दा पटतोय, खर्च बघून उद्या अकरापर्यंत सांगतो", आणि अकराला खरंच सांगा. कौतुकाचंही तेच, मनात ठेवलेलं कौतुक कोणाला दिसत नाही. "छान काम" एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय केलं ते लिहा, "काल पंप बंद पडल्यावर तू रात्री थांबून व्हेंडरला गाठलंस म्हणून लाइन सकाळी चालू झाली", आणि तो मेल तुमच्या वरच्या साहेबांना कॉपी करा.

हे मेलचं मी फार कळकळीने सांगतोय. शांत मॅनेजरच्या टीमचं काम वरपर्यंत पोचतच नाही आणि अप्रेझलला नुकसान त्या पोरांचं होतं. चारचौघांत बोलणं हे शिकता येतं, शेअर बाजारातले नावाजलेले गुंतवणूकदार वॉरेन बफे तरुणपणी भाषण करायला इतके घाबरायचे की त्यांनी पैसे भरून क्लास लावला, त्याचं सर्टिफिकेट त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर लावलंय. महिन्यातून एक रिव्ह्यू, त्यात तीन मुद्दे, पहिलं वाक्य पाठ, एवढ्याने सुरुवात करा. बाकी रोजचं काम एकेकट्याशी पंधरा मिनिटं बोलून होतं, त्यात तुम्ही तसेही चांगले असता.

आपल्याकडे दोन भावांचे धंदे खूप आहेत, एक बोलका, तो गिऱ्हाइकं सांभाळतो, दुसरा शांत, तो आत बसून माल आणि हिशोब बघतो. अशी जोडी छान चालते, पण बाहेरचा भाऊ पार्टीसमोर बसून जागेवरच शब्द देऊन येतो आणि आतल्याला ते नंतर कळतं. यावर एकच नियम ठरवून घ्या, ठरलेल्या रकमेच्या वरची ऑर्डर, उधारी किंवा मशीन असेल तर पार्टीला "उद्या कळवतो" एवढंच सांगायचं, आणि त्या रात्री आतल्या भावाने आकडे मांडून हो किंवा नाही लिहून द्यायचं.